ग्रामपंचायतीचा खर्च मोबाइलवर दिसतो. जाब मात्र कुठे विचारायचा?

पाणंद (धागाकर्ता)

मी पुण्यात नोकरी करतो, पण माझे मतदान आणि घरपट्टी दोन्ही अजून गावातच आहेत. गाव कोरडवाहू पट्ट्यातले, सोळाशेच्या आसपास मतदारांचे, नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीचे. सरकारी कारभार संगणकावर आला आणि सर्वांना पाहायला खुला झाला की लोकांची त्यावरची पकड आपोआप घट्ट होईल, असे मी गेली कित्येक वर्षे मानत आलो. गेल्या दोन महिन्यांत त्या समजुतीला तडा गेला आहे, आणि तो नेमका कुठे गेला हे मला इथल्या जाणत्या मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

जुलैमध्ये एका रात्री मी ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडले. केंद्र सरकारने ते २४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे पंचायत राज दिनी, सुरू केले. राज्य, जिल्हा, तालुका, गाव असे निवडत गेले की आपल्या ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा, आलेला निधी आणि झालेला खर्च समोर येतो. त्यासाठी लॉगिनसुद्धा करावे लागत नाही. आमच्या गावाच्या पानावर पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायच्या भागातून, झालेल्या एका कामाची नोंद होती: ‘पाण्याची टाकी दुरुस्ती, मारुती मंदिराजवळ’, खर्च १,८६,४०० रुपये, काम पूर्ण. मारुती मंदिराजवळच्या त्या टाकीखालून मी आठच दिवसांपूर्वी गेलो होतो. तिच्या एका खांबाचा गिलावा सुटून आतली गंजलेली सळई दिसते आणि बुडाच्या भेगेत पिंपळाचे हातभर रोप वाढलेले आहे.

मी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळा झालो. पुढच्या तासाभरात जे व्हायचे ते झाले. कोणी सरपंचांच्या नव्या गाडीचा विषय काढला, कोणी मागच्या निवडणुकीतील पॅनेलचा, दोघे जण ग्रुपमधून बाहेर पडले, आणि रात्री साडेदहाच्या सुमारास ॲडमिनने ‘यापुढे फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतील’ अशी सोय करून चर्चेवर पडदा टाकला. मी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मुद्दाम गावी गेलो आणि तोच प्रश्न तोंडी विचारला. उत्तर एका वाक्याचे मिळाले: “ते ऑनलाइनला चुकीचं दाखवतंय.” त्यानंतर जिलेबी वाटली गेली.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये सतरा मुद्द्यांची माहिती प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करावी, असे सांगितले आहे. नागरिकाला अर्ज करण्याची वेळच शक्यतो येऊ नये, हा हेतूही त्याच कलमात स्वच्छ लिहिलेला आहे. ई-ग्रामस्वराजने ते काम केले, असे मी समजत होतो. पण माहिती समोर असूनही ‘ऑनलाइनला चुकीचं दाखवतंय’ एवढ्या तीन शब्दांत ती निरर्थक ठरत असेल, तर मग खुले काय झाले? आणि त्या पानावरचा आकडा भरणारा माणूस कोण, हे त्या पानावर का नसावे?

रोजकीर्द

मी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे थोड्या कोरड्या नजरेने पाहतो, राग नसावा.

पोर्टलवर तुम्ही पाहिलेला आकडा हा हिशोबाचा शेवट आहे. त्याच्या मागे कागदांची एक साखळी असते: कामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, आणि शेवटी नमुना ५ म्हणजे सामान्य रोकड वहीतील नोंद. यांपैकी एकच कागद पाहायला मिळणार असेल तर मी डोळे झाकून मोजमाप पुस्तिका मागेन. अभियंत्याने जागेवर जाऊन किती काम झाले ते लांबी, रुंदी आणि उंची यांच्या रकान्यांत त्यात लिहायचे असते. पाने क्रमांकित असतात, पान फाडता येत नाही, खोडायचे झाल्यास आडवी रेघ मारून सही करावी लागते. गावाकडे सगळे तिला ‘एमबी’ म्हणतात. पोर्टलवरचा आकडा खोटा असेल तर खोटेपणाची जागा बहुधा एमबीत सापडते, आणि खरा असेल तर त्याचा पुरावाही तिथेच असतो.

आता ती पाहायची कशी? राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढून जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांतील अभिलेख दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना पाहण्यासाठी खुले ठेवण्यास सांगितले आहे. पुणे महापालिकेत ही प्रथा त्याच्या बऱ्याच आधीपासून होती. अर्ज करून तीस दिवस थांबायचे, उत्तर नाही आले तर पहिले अपील करायचे आणि पुढे दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाकडे जायचे, हा मार्ग आहेच. पण २०२३ च्या मध्यास महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले आणि तक्रारी तुंबलेल्या होत्या. सोमवारचे दोन तास त्यापेक्षा स्वस्त पडतात. आदेशाची छापील प्रत मात्र सोबत न्यावी, कारण असा आदेश आहे हे समोरच्या टेबलावर माहीत असेलच असे नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराणा येथे पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा तंत्रज्ञान म्हणून तिथे फार तर ध्वनिक्षेपक असेल. सरकारी कामांची बिले आणि हजेरीपट गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचे, एवढीच पद्धत होती. ज्याचे नाव हजेरीत आहे तो समोर बसलेला असे आणि आपण त्या कामावर गेलोच नव्हतो, असे तिथल्या तिथे सांगे. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले, त्याच्या मागे हीच वाचने होती. २०१९ मध्ये राजस्थान सरकारने जन सूचना पोर्टल सुरू केले ते याच परंपरेतून. तुम्ही स्क्रीनशॉट टाकलात; त्यांनी वाचून दाखवले. वाचताना ज्याने उत्तर द्यायचे तोही समोर असे, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

तार्तूकर

मी एस्टोनियातील तार्तू येथे आठ वर्षांपासून राहतो. ‘डिजिटल राज्य’ म्हटले की या देशाचे नाव हमखास निघते, म्हणून दोन शब्द लिहितो. कौतुक ऐकून इथे येणाऱ्यांना मी आधीच सांगतो की अख्ख्या देशाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख आहे; आपल्याकडे अनेक तालुक्यांचा मिळून एक जिल्हाही त्यापेक्षा मोठा असतो.

इंटरनेटवरून मतदान इथे २००५ च्या स्थानिक निवडणुकीपासून आहे आणि मार्च २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते त्या मार्गाने पडली. एकदा दिलेले मत मुदतीच्या आत पुन्हा देता येते आणि शेवटचेच धरले जाते. कोणी शेजारी बसून दबावाखाली मत द्यायला लावले तर नंतर ते बदलता यावे, असा त्यामागचा विचार आहे. पण धागाकर्त्यांच्या प्रश्नाशी याहून जवळची गोष्ट दुसरीच आहे. सरकारी खात्यांच्या माहितीसाठ्यांना जोडणारी एक्स-रोड ही व्यवस्था इथे २००१ पासून चालते. माझी नोंद कोणत्या खात्याने कधी उघडून पाहिली, हे मला घरबसल्या माझ्या खात्यावर पाहता येते, आणि कारण समजले नाही तर विचारता येते. विनाकारण डोकावणाऱ्याला कारवाईला तोंड द्यावे लागते. नागरिकाची प्रत्येक गोष्ट सरकारला दिसते, तसे सरकारचे पाहणेही नागरिकाला दिसते.

आणखी एक प्रसंग २०१७ चा आहे. सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष असल्याचे संशोधकांनी कळवले. तोंडावर स्थानिक निवडणुका होत्या. सरकारने दोष लपवला नाही, पत्रकार परिषद घेऊन सांगितला, आणि नोव्हेंबरमध्ये त्या कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित करून लोकांना ती अद्ययावत करायला लावली. ‘ऑनलाइनला चुकीचं दाखवतंय’ हे वाक्य तिथे सरकारनेच पहिल्यांदा उच्चारले, आणि कुठे चूक आहे, ती केव्हा दुरुस्त होईल, हेही त्याच दमात सांगितले. तुमच्या ग्रामसभेत पहिला अर्धा भाग झाला आणि दुसरा राहून गेला.

वेशीबाहेर

मी एका ग्रामपंचायतीची पाच वर्षे सरपंच होते. महिला आरक्षणातून निवडून आले आणि निवडून येईपर्यंत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात खुर्चीवर बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. आकडा भरणारा माणूस कोण, या प्रश्नाचे उत्तर मी आतून पाहिले आहे, म्हणून लिहिते.

ग्रामपंचायतीच्या खात्यातून पुरवठादाराला पैसे देताना आता धनादेश लिहिला जात नाही. ऑनलाइन देयक तयार होते, त्यावर आधी ग्रामसेवकाची आणि मग सरपंचाची डिजिटल स्वाक्षरी लागते. ही स्वाक्षरी एका छोट्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूत असते. आम्ही तिला डोंगल म्हणतो. कागदावर नियम असा आहे की ज्याची स्वाक्षरी त्याच्याच ताब्यात डोंगल. माझे डोंगल पहिले चौदा महिने कार्यालयातील कपाटाच्या खणात, ग्रामसेवकांच्या डोंगलच्या शेजारी, रबर बँडने एकत्र बांधून ठेवलेले होते. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून त्याच रबर बँडमध्ये अडकवलेला असे. संगणक परिचालक पोरगा गुणी होता. पण महिनोन्महिने मानधन न मिळणाऱ्या त्या मुलाच्या हातात दोघांच्या सह्या, आणि गावाचा सगळा खर्च. मला ओटीपी यायचा तो मी फोनवर सांगायचे. कोणत्या देयकाचा, ते विचारायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

ज्या दिवशी मी डोंगल घरी आणले त्या दिवशी कार्यालयात कोणी काही बोलले नाही, मात्र संध्याकाळी आमच्या घरी चार प्रतिष्ठित माणसे यजमानांशी बोलायला आली. माझ्याशी नाही, यजमानांशी. “वहिनींना त्रास कशाला,” असा एकूण सूर होता. तेव्हापासून प्रत्येक देयकाची छापील प्रत मी आधी मागू लागले. कामे थोडी रेंगाळली, हे मी मान्य करते, आणि त्यावरून माझ्यावर टीकाही झाली.

पाणंद, तुमच्या गावचे पोर्टल चुकले असेल किंवा नसेल. पण सरपंचांचे डोंगल कुणाच्या खणात आहे, हे आधी विचारा. ते सरपंचांच्या घरी नसेल तर ‘ऑनलाइनला काय दाखवतंय’ हे त्यांनाही तुमच्याइतकेच माहीत असण्याची शक्यता आहे.

तिरपी रेघ

चर्चा उत्तम चालली आहे, पण धागाकर्त्यांना मला एक अप्रिय प्रश्न विचारायचा आहे. आपण ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकण्यापूर्वी कुणाला फोन करून विचारले होते का? व्हॉट्सॲप ग्रुप हे लोकशाहीचे व्यासपीठ नसून ओट्यावरची बैठक आहे, आणि ओट्यावर निकाल आधी लागतो, चौकशी नंतर होते.

साधनाची घडण माणसांना कसे वागायला लावते, याचे तैवानमधील उदाहरण मला फार शिकवणारे वाटते. मार्च २०१४ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी चीनशी होणाऱ्या सेवा-व्यापार कराराच्या विरोधात संसदेचे सभागृह सुमारे तीन आठवडे ताब्यात ठेवले. त्याआधीपासून, म्हणजे २०१२ पासून, गव्ह-झीरो नावाचा संगणक जाणकारांचा एक गट तिथे काम करीत होता. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यातील ‘ओ’च्या जागी शून्य टाकले की त्याच माहितीची सुगम मांडणी उघडावी, अशी त्यांची मिस्कील कल्पना. आंदोलनानंतर सरकारने याच मंडळींना सोबत घेतले, व्ही-तैवान ही सल्लामसलतीची पद्धत उभी राहिली आणि २०१६ मध्ये ऑड्रे टांग डिजिटल कारभाराच्या मंत्री झाल्या.

२०१५ मध्ये उबरचा वाद पेटला तेव्हा पोलिस नावाचे एक साधन वापरले गेले. (आपल्या खाकी पोलिसांशी याचा संबंध नाही.) त्यात कोणीही एक छोटे विधान लिहू शकतो आणि बाकीच्यांनी ‘सहमत’, ‘असहमत’ किंवा ‘पुढे’ एवढेच म्हणायचे. एखाद्याच्या विधानाला प्रत्युत्तर देण्याची कळच तिथे नाही, त्यामुळे भांडण उभे राहायला जागा मिळत नाही. मतांवरून माणसांचे गट नकाशावर उमटतात आणि दोन विरोधी गटांनाही पटणारी विधाने वर येतात. प्रवाशांचा विमा, चालकाची नोंदणी यांसारख्या मुद्द्यांवर टॅक्सीवाल्यांचे आणि उबर वापरणाऱ्यांचे एकमत असल्याचे असे दिसले, आणि पुढे नियम करताना ते मुद्दे विचारात घेतले गेले.

अर्थात तिथेही सारे गोडच होते असे नाही. व्ही-तैवानमधील निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नव्हते आणि पहिला जोम ओसरल्यावर त्याचा वापर रोडावला. त्याच देशातील जॉइन हे दुसरे व्यासपीठ मात्र साध्या नियमावर टिकले: साठ दिवसांत पाच हजार जणांचा पाठिंबा मिळाला की संबंधित मंत्रालयाने दोन महिन्यांच्या आत लेखी उत्तर द्यायचेच. उत्तर नकारार्थी असू शकते, पण द्यावे लागते. आपल्या ग्रामसभेच्या प्रश्नोत्तरांना असा कोणता काटा लावता येईल, यावर इथे विचार व्हावा.

हजेरीपट

खुले शासन म्हणजे कोणी कोणाला पाहायचे, हा प्रश्न इथे अजून कोणी विचारलेला नाही. रोजगार हमीच्या कामावर असलेल्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर घेणे देशभर सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा, ठरावीक वेळांत, जागेवरचा फोटो काढून. आमच्या डोंगराळ भागात नेटवर्क नसले की बायका काम संपल्यावरही फोटोसाठी तिष्ठत बसत आणि फोटो चढला नाही तर दिवस बुडाल्याची भीती वेगळी. गैरप्रकार थांबावेत म्हणून हे केले, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून मान्य करावे लागले की असंबद्ध फोटो आणि फोटोवरून काढलेले फोटो सर्रास चढवले जात आहेत.

ज्या राज्याने १९७७ मध्ये कायदा करून रोजगाराची हमी दिली, तिथल्या मजूर बाईचा चेहरा दिवसातून दोनदा तपासला गेला, आणि तिने खणलेल्या चराची मापे ज्या पुस्तिकेत लिहिली जातात ती मात्र अभियंत्याच्या पिशवीतच राहिली. एमबीचे पान त्याच दिवशी फोटो काढून चढवायची सक्ती झाली असती, तर मजूर बायकांनी स्वतःच्या फोटोबद्दल तक्रार केली नसती.

शेतसारा

हजेरीपट यांच्याशी सहमत आहे, परंतु उलट दिशेचे एक उदाहरणही नोंदवतो. सातबाऱ्यावरील पिकांची नोंद पूर्वी तलाठ्याने करायची असे. आमच्या गटात तीन वर्षे कांदा असताना कागदावर बाजरीच डोलत होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या शेतात उभे राहून आपला पेरा स्वतः नोंदवू लागला. ॲप बंद पडते, मुदत संपत आली की सर्व्हर कोलमडतो, म्हातारी माणसे शेजारच्या पोरावर अवलंबून राहतात, हे सगळे खरे आहे. तरीही नोंद करणारा हात बदलला, ही मोठी गोष्ट आहे.

आता एक सूचना: लाभार्थ्यांच्या याद्या, ठेकेदारांची नावे, एमबीची पाने, सगळे सरसकट ऑनलाइन टाकले तर हा वादच मिटणार नाही का?

रोजकीर्द

शेतसारा, सरसकट म्हणताना जरा थांबा. विधवा निवृत्तिवेतनाची यादी गावाच्या चावडीवर लावणे आणि ती जगातील कोणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवणे, यांत फरक आहे. बँक खात्याचे क्रमांक, आजार, जात ही माहिती झाकलीच पाहिजे.

पण झाकण्याच्या नावाखाली काय होऊ शकते, तेही पाहा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद पहिल्यापासून होती, मात्र ती माहिती सार्वजनिक कामाशी निगडित नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण होत असेल तरच. व्यापक लोकहित असेल तर द्यावी, असेही तिथेच लिहिले होते, आणि संसदेला किंवा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे एक सुंदर परंतुक जोडलेले होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४(३) ने हे सारे काढून ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच अपवाद ठेवला. कलम ८(२) मधील लोकहिताची खिडकी शिल्लक आहे, हे सांगितले पाहिजे. पण ती उघडायची की नाही हे टेबलामागचा माणूस ठरवणार. ठेकेदाराचे नाव ही वैयक्तिक माहिती आहे, असे उत्तर उद्या कोणी दिले तर अपील करणाऱ्याला किती सोमवार लागतील, याचा हिशोब करा. एस्टोनियात नागरिकाचा खासगीपणा सरकारपासून जपतात. इथे सरकारचा कारभार नागरिकापासून झाकण्यासाठी तोच शब्द वापरला जाण्याची मला भीती वाटते.

पाणंद (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद वाचत होतो, पण हातात काही आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. दोन सोमवार रजा टाकली. पहिल्या सोमवारी ‘साहेब दौऱ्यावर आहेत, किल्ली त्यांच्याकडे’ असे ऐकून परत आलो. दुसऱ्या सोमवारी आदेशाची प्रत टेबलावर ठेवली, तेव्हा लिपिक महोदयांनी ती दोनदा वाचली, आत जाऊन आले आणि एमबी समोर ठेवली. चहाही सांगितला, हे नमूद करणे उचित होईल.

टाकीच्या दुरुस्तीचे पान मी वहीत उतरवून घेतले. त्यात जागा लिहिली आहे ‘वरची वस्ती, शाळेमागील टाकी’. मारुती मंदिराचा उल्लेखच नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि माझा चुलत भाऊ टेप घेऊन वस्तीवर गेलो. एमबीत टाकीचा घेर १४.१० मीटर आहे, आमच्या टेपने १४.०५ भरला. बाहेरचा गिलावा नवा आहे, गळती बंद झाली आहे, आणि शाळेच्या स्वयंपाकीण मावशींनी सांगितले की उन्हाळ्यापासून पाणी वेळेवर येते. काम झालेले आहे, तेही बरे झालेले आहे.

मग पोर्टलवर मंदिर कुठून आले? संगणक परिचालकांनी सांगितले की आराखडा चढवला तेव्हा मंदिराजवळचीच टाकी धरलेली होती. नंतर तपासणीत ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचे ठरले, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव होऊन तो निधी वस्तीवर वळवला गेला, आणि कामाचे नाव मात्र जुनेच राहिले. प्रोसिडिंग बुकात तो ठराव आहे, मी वाचला. त्या ग्रामसभेला मी नव्हतो. म्हणजे ‘ऑनलाइनला चुकीचं दाखवतंय’ हे वाक्य अक्षरशः खरे होते, आणि मी सव्वादोनशे माणसांसमोर काही लोकांना चोर ठरवून बसलो होतो. तिरपी रेघ यांच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, मी कोणालाही फोन केला नव्हता.

मात्र एमबीच्या त्याच पानावर एक ओळ आहे: ‘लोखंडी शिडी, नवीन, १ नग’, किंमत ११,२०० रुपये. टाकीला शिडी आहे. रुपेरी रंगाने चकाकते. पण खालून तिसऱ्या पायरीच्या आतल्या बाजूला रंगाखाली जुन्या गंजाचे पापुद्रे बोटाला लागतात, आणि मावशींच्या म्हणण्याप्रमाणे ती शिडी त्यांचा मुलगा शाळेत होता तेव्हापासून तिथेच आहे. पोर्टलवर ही ओळ दिसत नाही, कारण तिथे एकच बेरीज दिसते.

ॲडमिनना विनंती करून ग्रुप एका संदेशापुरता उघडायला लावला आणि टाकीबाबत झालेल्या आरोपाबद्दल सरपंचांची व सदस्यांची माफी मागितली. शिडीबद्दल तिथे चकार शब्द काढला नाही. तो प्रश्न २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विचारला, एमबीच्या पान क्रमांकासह. या वेळी ‘ऑनलाइन’ हा शब्द कोणी उच्चारला नाही. थोडी चुळबुळ झाली, मग ग्रामसेवकांनी पंधरा दिवसांत लेखी खुलासा देण्याचे मान्य केले. तिरपी रेघ यांनी ज्या काट्याबद्दल लिहिले होते तो मनात होता, म्हणून ते शब्द मुदतीसह प्रोसिडिंगमध्ये लिहून घेण्याचा आग्रह धरला आणि लिहिल्यावर मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. सरपंचांचे डोंगल कुठे असते, हेही वेशीबाहेर यांच्या सांगण्यावरून विचारले. त्यावर सरपंच हसल्या आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून ते काढून दाखवले. ते केव्हापासून तिथे आहे, हे विचारण्याचे मला सुचले नाही.

पोर्टलवर कामाचे नाव मी आज सकाळीही पाहिले. अजून मारुती मंदिराजवळचीच टाकी आहे.

वेशीबाहेर

कमरेच्या पिशवीत डोंगल, हे वाचून फार बरे वाटले. केव्हापासून हे विचारले नाही तेच ठीक केले.

रोजकीर्द

खुलासा येईल तेव्हा येईल. त्याआधी प्रोसिडिंगच्या त्या पानाची आणि एमबीच्या पानाची साक्षांकित प्रत रीतसर अर्ज करून घेऊन ठेवा. पानाला दोन रुपये पडतील. वहीत उतरवून घेतलेले तुमचे अक्षर उद्या कोणी पुरावा म्हणून धरणार नाही. आणि शिडीला पुन्हा रंग लावण्यापूर्वी त्या तिसऱ्या पायरीचा, तारीख दिसेल असा, एक फोटो काढा.